क्षमेचा व्हिडिओ

मृत्यूनंतरची महिन्याची प्रार्थना आटोपली, पाळकसाहेब पुढच्या गावच्या भक्तीला निघून गेले, मांडवातली पहिली पंगत उठली, आणि मग छगनशेठ आला. बरोब्बर वेळ साधून आला. प्रार्थनेला आला असता तर सॅमसनच्या फोटोपुढं मान खाली घालून बसावं लागलं असतं. जेवणाला आलं की पाहुणा म्हणून पाणी मिळतं, खुर्ची मिळते. एवढं सगळं त्या माणसाला कळतं. ज्या ट्रकनं सॅमसनला चिरडलं तो आपला आहे, एवढंच काय ते कळत नाही.

"जय ख्रिस्त, गुरुजी!" म्हणत त्यानं कृपादान भिंगारदिव्यांच्या शेजारी खुर्ची ओढली.

छगनशेठ काही ख्रिस्ती नव्हे. पण ज्याच्या दारात जायचं त्याच्या देवाचं नाव आधी घ्यायचं, हा त्याचा धंद्यातला शिरस्ता. श्रीगोंद्याच्या या पट्ट्यात ऊसवाहतूक त्याच्याकडं. ट्रक त्याचे, तोडणीच्या टोळ्या त्यानं आणलेल्या. कुणाच्या फडाला आधी कोयता लागायचा नि कुणाचा ऊस तुरे फुटून उभा वाळायचा, हे कारखान्याच्या ऑफिसात नाही, याच्या जिभेवर ठरायचं. म्हणून अख्खं गाव त्याला तोंडावर शेठ म्हणायचं, आणि पाठ फिरली की दुसरं काहीतरी.

कृपादान गुरुजींनी उलट जय ख्रिस्त म्हटलं नाही. मराठी शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालेला, पाळक नसले तर रविवारी चर्चात उपदेश करणारा हा माणूस. दारात आलेल्याला सलाम न करण्याची त्यांची ही बहुतेक पहिलीच वेळ. पण एकुलत्या एका मुलाला मातीत ठेवून महिना झाला होता, आणि मातीत ठेवायला लावणारा शेजारी बसून पाणी पीत होता. काष्टीच्या रस्त्याला सॅमसनचं ठिबक सिंचनाचं दुकान. त्या दिवशी मोटारसायकलच्या मागं नळ्यांचं भेंडोळं बांधून तो एका बागाईतदाराकडं निघाला, आणि उसानं भरलेल्या ट्रकखाली गेला.

"गुरुजी, मी काय म्हनतो," छगनशेठनं खिशातून मोबाईल काढला, "तुमच्यासारखा मानूस मी उभ्या जन्मात बघितला न्हाई. आवो, आमच्या घरात हे बघितलं न् बाया ढसाढसा रडल्या."

त्यानं व्हिडिओ लावला आणि आवाज मोठा केला. गावाबाहेरची दफनभूमी, उकरलेल्या मातीचा ढीग, आणि गुरुजींचा चिरकलेला आवाज : "ज्याच्या हातून माझा मुलगा गेला, त्या ड्रायव्हरला मी आज सगळ्यांसमोर क्षमा करतो..."

तिथंच व्हिडिओ संपला. वाढणाऱ्या बाया हातातली बुंदीची परात तशीच धरून थांबल्या.

"मी हे समद्यांना दाखवलं. ठान्यात बी दाखवलं. म्हनलं, बापानं मोकळं केलंय, मंग तुमी-आमी कोन?" असं म्हणून त्यानं घडी केलेला स्टॅम्पपेपर काढला आणि गुरुजींच्या मांडीवर ठेवला. "ह्यात फकस्त तेच लिहिलंय. आमची तक्रार न्हाई. गाडी चालवताना मयत मोबाईलवर बोलत हुते, बोलता बोलता आडवे आले, ड्रायव्हरचा दोष न्हाई. तुमची एक सही, सूनबाईची एक. बास."

बास म्हणे! गुरुजींना वाटलं, हा कागद चुरगळून याच्या तोंडात कोंबावा. आणि वाटल्याबरोबर त्याच विचाराचे त्यांना चटके बसले. क्षमा केली ना? मग हे काय उसळतंय आत? दफनभूमीत ते शब्द कुणी त्यांच्या तोंडात घातले नव्हते. आयुष्यभर वर्गात आणि चर्चात जे शिकवलं ते स्वतःवर वेळ आल्यावर करून दाखवलं पाहिजे, एवढं एकच त्या क्षणी सुचलं होतं. लोकांनी पाठीवर हात ठेवले, थोर आहात म्हणाले. आता त्या थोरपणाचं टोक धरून हा ओढत होता.

"वाचतो," ते एवढंच म्हणाले.

"वाचा की. आमी काय पळून चाललोय?" छगनशेठनं इकडं तिकडं बघितलं. "तुमचे बंधू बन्सीअन्ना कुठं हायत? बोलवा त्यांना बी."

*

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सॅमसनच्या बायकोनं, हन्नानं, सगळं ऐकलं होतं. तिच्या हातात भाताचा झारा होता, तो तिनं पातेल्यात आपटला.

"ऐकलंत? सॅमसन मोबाईलवर बोलत होता म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा!"

"वहिनी, हळू," एंजल म्हणाली. सॅमसनची ही धाकटी बहीण पुण्याहून सुट्टी टाकून आली होती. "बाहेर माणसं आहेत."

"ऐकू दे माणसांना. महिनाभर मीच ऐकतेय. दवाखान्यात माझ्यासोबतच्या नर्सेस मला विचारतात, हन्ना, तू रोज फोन करायचीस का गं त्यांना? म्हणजे मीच मारला त्याला! गाडीवर बसला की त्याचा फोन सीटखालच्या पिशवीत. दहा वेळा रिंग दिली तरी उचलायचा नाही. यावरून भांडणं झालीत आमची. आणि हा भाड्या सांगतो, बोलता बोलता आडवा आला."

एंजलला पटलेलं नव्हतं. तिचं म्हणणं सरळ होतं, आणि खरं सांगायचं तर वाईट मनानं नव्हतं. पप्पांची साखर वाढलेली, रात्रीची झोप गेलेली. कोर्ट म्हणजे तारखा. वर्षं जातील. त्यात पप्पा चर्चात एक बोलले आणि कोर्टात दुसरं बोलतात, असं लोक म्हणाले तर ते माणूस म्हणून संपतील. हे तिनं कालच हन्नाला सांगितलं होतं, आज पुन्हा सांगितलं.

"मिटवून टाकू या, वहिनी. दादा काय परत येणारे?"

"तो परत येणार नाही, म्हणून त्याच्यावर काहीही लिहायचं?" हन्नाचे डोळे कोरडे होते. महिनाभरात ती लोकांसमोर रडलेली नव्हती, यावरूनही बायकांनी बोलून घेतलं होतं. "मोनिका सहा वर्षांची आहे. मोठी झाल्यावर तिनं विचारलं, माझा बाप कसा गेला, तर मी काय दाखवू? तुझा बाप बेजबाबदार होता, हे बघ, आजोबांची सही?"

पाटावर बसून काकडी चिरणारी सत्यशीला आतापर्यंत बोलली नव्हती. एंजलची ही नगरच्या मिशन शाळेतली मैत्रीण, आता तिथल्याच कोर्टात वकील. प्रार्थनेला म्हणून आली होती, पण हन्नानं तिला दोन दिवस आधीच फोन करून सगळे कागद पाठवले होते. ते तिनं एंजलला आत्ता सांगितलं.

"मला न सांगता?" एंजल दुखावली.

"तुला सांगितलं असतं तर तू मोडता घातला असतास," हन्ना म्हणाली.

"भांडणं नंतर करा," सत्यशीलानं सुरी खाली ठेवली. "एंजल, एक समज. पप्पांनी ड्रायव्हरला क्षमा केली म्हणून फौजदारी केस मिटत नाही. ती सरकार चालवतं, पप्पा नाही. आणि भरपाईचा दावा हा मोनिकाचा हक्क आहे, कुणाचा सूड नाही. क्षमा करूनही दावा लावता येतो. पण त्या कागदावर सह्या झाल्या, की दावा तिथंच लंगडा पडला. घरच्यांनीच लिहून दिलंय चूक मयताची, मग विमा कंपनी पैसे कशाला सोडेल?"

"मग फोन कंपनीकडून रेकॉर्ड मागव ना. दादा बोलत नव्हता हे दिसेल."

"मागवते. पण ते म्हणतील, व्हॉट्सअॅपवर बोलत होता. ते म्हणतील, गाणी ऐकत होता. ड्रायव्हरनं जबाबात ठोकून दिलंय, मी स्वतः बघितलं, त्याचा हात कानाला होता. त्या जबाबासमोर डोळ्यानं बघणारा दुसरा माणूस पाहिजे. आणि बघणारा माणूस आहे. केबिनमध्ये बसलेला."

तिघींनीही कोपऱ्याकडं बघितलं. तिथं गोजरबाई, गुरुजींच्या धाकट्या भावाची, बन्सीची बायको, ताटं पुसत बसली होती. बन्सी त्या दिवशी त्याच ट्रकमध्ये होता, ड्रायव्हरच्या शेजारी. हे काही लपलेलं नव्हतं. गावाला माहीत होतं, पोलिसांना माहीत होतं. बन्सीचा जबाबही झाला होता : डुलकी लागली होती, धडक बसली तेव्हा जाग आली, काही बघितलं नाही.

"काकू," हन्ना म्हणाली, "काकांना खरंच डुलकी लागली होती का हो?"

"मला काय इचारती बाई," गोजरबाई ताटाकडं बघत म्हणाली. "मी काय ट्रकात हुते का?"

ती ते ताट पुसतच राहिली. ताट केव्हाच कोरडं झालं होतं.

*

बन्सीला मांडवाबाहेरून बोलावून आणलं, तेव्हा तो पिण्याच्या पाण्याचे जार टेम्पोतून उतरवत होता. महिनाभर त्यानं भावाच्या घरची सगळी कामं अशीच केली होती. खड्डा खणणाऱ्यांना चहा त्यानं नेला, मांडव त्यानं घातला, क्रॉस करायला सुतार त्यानं शोधला. फक्त भावाच्या समोर बसायचं तेवढं टाळत होता.

"या अन्ना, बसा," छगनशेठनं जणू स्वतःचंच घर असल्यासारखं म्हटलं. "टोळी लागली ना फडाला?"

"लागली," बन्सी म्हणाला.

लागली होती खरी. दोन महिने बन्सी टोळीसाठी छगनशेठच्या दारात चकरा मारत होता. त्या दिवशीही तेच सांगायला निघाला होता. शेजारच्याचा ऊस भरून ट्रक कारखान्यावर चालला होता, म्हणून हात करून त्यात बसला. आणि आता भावाच्या घरातलं रडणं थांबलेलं नसताना, परवाच्या दिवशी, न सांगता, न मागता, टोळी त्याच्या फडात येऊन राहिली होती. निम्मा ऊस तुटला होता. निम्मा उभा होता. ही मेहरबानी कशाची, ते बन्सीला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि तरीही त्यानं टोळीला परत जा म्हटलं नव्हतं. वर्षाचं पीक आहे, तो स्वतःला सांगत होता. मी बोललो म्हणून पोरगं थोडंच उठून बसनार हाय?

"गुरुजी कागद वाचत्यात," छगनशेठ म्हणाला. "त्यांना जरा शंका वाटती. तुमी डोळ्यानं बघितलेलं सांगा त्यांना."

"मी तर... डुलकीत हुतो म्हनून सांगितलंय."

"आवो, डुलकीतून जागं झाल्यावर! खाली उतरलात तवा मयताचा मोबाईल रस्त्यावर पडला हुता का न्हाई? हातातून उडालेला? आठवा जरा." छगनशेठ हसला. "एवढं एक आठवलं ना अन्ना, की मिटलं. उरलेला फड बी चार रोजात मोकळा करून देतो."

हन्ना दारात आली होती. मागं एंजल आणि सत्यशीला.

"मोबाईल पिशवीत होता," हन्ना म्हणाली. "चेमटलेल्या गाडीच्या सीटखालून मी स्वतः काढला."

"ताई, तुमचं दुःख आमी समजतो..."

"दुःख राहू द्या, शेठ. मोबाईल पिशवीत होता. रस्त्यावर कुठून पडेल?"

"तुमी तिथं न्हवता."

"तुम्हीही नव्हता," हन्नाचा आवाज चढला. "लाज वाटू द्या जरा! माणूस मारलात, त्याच्या बापाचा व्हिडिओ गावभर फिरवलात, आणि आज त्याच्याच प्रार्थनेच्या दिवशी त्याच्यावर खोटं घेऊन आलात? मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ऐकली होती, आज बघितली!"

छगनशेठचं हसू गेलं. "गुरुजी, सुनेला आवरा. तुमी क्षमा केली न् घरच्या बाया असं बोलायला लागल्या, तर लोक काय म्हनतील?"

"शेठ," सत्यशीला पुढं झाली, "लोकांचं राहू द्या. मला एवढंच सांगा, तुमच्या रामहरी ड्रायव्हरकडं ट्रक चालवायचं लायसन्स आहे?"

"तुमी कोन?"

"वकील. मी कागद बघितलेत. त्याच्याकडं लायसन्स आहे ते ट्रॅक्टरचं. ट्रक त्याच्या हातात तुम्ही दिलात. आता दोष ड्रायव्हरचा ठरला, तर विमा कंपनी आज पैसे भरेल आणि उद्या तुमच्याकडून वसूल करेल. दोष मेलेल्या माणसाचा ठरला, की तुम्ही सुटलात. म्हणून ही क्षमा तुम्हाला एवढी गोड लागतेय."

एंजलनं वळून सत्यशीलाकडं बघितलं. मग छगनशेठकडं. आतापर्यंत मिटवा मिटवा म्हणणारी ती पोर सरळ वडिलांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, सही करू नका."

गुरुजींनी कागदावरून मान वर केली.

"छगनशेठ, तो व्हिडिओ परत लावा."

"आता कशाला?"

"लावा. पुढचा भाग लावा. मी तिथंच थांबलो नव्हतो. पुढं म्हणालो होतो, त्यानं माझ्यापुढं यावं आणि काय घडलं ते खरं सांगावं. ते कुठं गेलं?"

"व्हिडिओ एवढाच हाय."

"एवढा नव्हता. मी म्हातारा झालोय, वेडा नाही." गुरुजी उठले. "मी ड्रायव्हरला क्षमा केली. मनापासून केली, आणि आजही मागं घेत नाही. पण तो आला का? महिनाभरात एकदा या दारात उभा राहिला का? तो आला नाही, तुम्ही आलात. आणि कशासाठी, तर माझ्या सहीनं माझ्याच मुलाला खोटा पाडायला! क्षमा मी माझ्या मुलाला मारल्याची केली, शेठ. त्याची बदनामी करायला परवाना नव्हता दिला."

त्यांनी स्टॅम्पपेपर छगनशेठच्या हातात ठेवला. फाडला नाही, भिरकावला नाही. पोराची गचाळ वही परत करावी तसा ठेवला.

"जेवण तयार आहे. जेवून जा. सही मिळणार नाही."

*

छगनशेठ जेवला नाही, पण गेलाही नाही. असली माणसं रिकाम्या हातानं उठत नाहीत. त्यानं बन्सीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ठीक हाय. गुरुजींचा इचार बदलला. पन अन्ना तर आपल्या शब्दाचे पक्के हायत. अन्ना उद्या ठान्यात येतील न् मोबाईलचं सांगतील. काय अन्ना?"

बन्सी जमिनीकडं बघत होता. महिनाभर त्याला वाटत आलं होतं, आपण खोटं बोललो नाही, फक्त गप बसलोय. गप बसणं म्हणजे काही पाप नव्हे. आणि आता तो गुडघ्यावरचा हात त्याला सांगत होता की गप बसण्याची मुदत संपली. आता तोंडानं बोलायचं. सख्ख्या पुतण्यावर.

"अन्ना?"

"बघू..." बन्सी पुटपुटला. "सांगतो..."

"काय सांगता? काऽय सांगता?"

गोजरबाई दारातून अशी आली की पदर खांद्यावरून कुठं गेला याची तिला शुद्ध नव्हती. जन्मभर दिरांसमोर मान वर न केलेली बाई. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तोंडात किडं पडतील तुमच्या! त्या दिशी घरी येऊन मोरीत वकत हुता, तवा काय म्हनला हुता मला? सांगा की आता. भावाला सांगा!"

"गोजर, आत जा."

"न्हाई जात! महिना झाला, मी ह्या पोरीच्या तोंडाकडं बघत न्हाई. आत्ता इचारलं हिनं मला, अन् मी ताट पुसत बसले. सॅमसनला मी दूध पाजलंय वो! त्याची आई बाळातपनात आजारी हुती तवा माझ्या अंगावर वाढलंय ते पोरगं! अन् तुमी त्याच्या नावानं खोटं सांगनार? कशापायी? उसापायी? पेटवून टाका तो ऊस!"

कृपादान गुरुजी भावासमोर येऊन खाली बसले, जमिनीवरच, त्याच्या खुर्चीपाशी.

"बन्सी, तू जागा होतास?"

बन्सीनं मान हलवली.

"बोल, बाबा. मी आहे इथं."

"जागा हुतो, दादा." "रामहरी मोबाईल बघत हुता. बैलगाड्याची शर्यत लागली हुती त्यात. निघाल्यापासनं चाललं हुतं त्याचं, एक डोळा रस्त्यावर न् एक त्यात. मी म्हनलं, आरं ठेव की ते. तर म्हनला, अन्ना, ही जोडी बघा, कशी पळतीया, न् मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला. मी बी बघितला. म्हनलं नको त्याच्याशी वाद, टोळीचं बोलायचं हाय. मंग मी मान वर केली."

"आणि सॅमसन?" हन्नानं विचारलं. "आडवा आला तो?"

"आडवा न्हाई, बाळ. कसला आडवा? उसाचा ट्रक येताना दिसल्यावर आपल्याकडची मानसं करत्यात तसंच केलं हुतं त्यानं. डांबर सोडून खाली उतरून थांबला हुता. गाडी कडंला, पाय जमिनीवर. ट्रकच गेला त्याच्या अंगावर. मी वरडलो. रामहरी अजून त्या मोबाईलमधीच."

"खोटं हाय हे!" छगनशेठ उठला. "रामहरीनं बघितलंय, त्याचा हात कानाला हुता!"

"हात वर हुता," बन्सी म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं छगनशेठकडं बघितलं. "कानाला न्हवता. वर हुता. त्यानं मला केबिनमधी वळाखलं, न् हात केला मला. काका म्हनून हात केला." तो दोन्ही तळव्यांत तोंड घालून हुंदके द्यायला लागला. "हसत हुता वो, दादा."

एंजल खाली बसून वडिलांना बिलगली. गुरुजी जमिनीवर बसलेले तसेच बसून राहिले, भावाच्या पायावर हात ठेवून.

छगनशेठनं स्टॅम्पपेपर खिशात कोंबला. "बन्सी, आजच्या आज टोळी उठंल. उरलेला ऊस जनावरांना घाल. ह्या हंगामात तुझ्या बांधाला माझं चाक लागनार न्हाई, न् पुढच्या बी न्हाई."

"न्ये रे तुझी टोळी!" गोजरबाई मांडवाच्या दारापर्यंत त्याच्या मागं गेली. "हातात कोयता धरायला आमाला बी येतं. न्हाईच तुटला तर वाळू दे. पन तुझं तोंड पुन्यांदा ह्या दारात दिसलं, तर चपलीनं मारीन!"

त्याची गाडी गेली. लोक उगाच घसे खाकरायला लागले, कुणी पत्रावळी उचलायला लागलं. सत्यशीला हलकेच म्हणाली, "बन्सीकाका, आधीचा जबाब बदलताय म्हणून ते तुम्हाला फाडून खातील. ठाण्यात विचारतील, महिनाभर का गप्प होतात? कोर्टातही हेच विचारतील, चारचौघांत. उत्तर तयार ठेवा."

"उत्तर काय ठिवायचं, बाई," बन्सी म्हणाला. "भ्यालो. उसाला भ्यालो. हेच सांगनार."

मग तो उठला आणि हन्नासमोर जाऊन उभा राहिला. चुलतसासरा सुनेपुढं हात जोडून उभा होता. बघणाऱ्यांना ते बघवेना.

"पोरी, मला क्षमा कर."

हन्नाच्या गालावरून पाणी वाहत होतं. ते तिनं पुसलं नाही. महिनाभर कोंडलेलं बाहेर येत होतं, पण ती मऊ झाली होती असं मात्र कुणी समजू नये.

"तो तुम्हाला हात करत होता, काका. आणि महिनाभर तुम्ही त्याच्या हातात फोन राहू दिलात. माझ्या कानावर येत होतं, मोनिकाच्या शाळेत बायका बोलत होत्या, आणि तुम्ही इथं पाण्याचे जार उतरवत होतात."

"व्हय."

"क्षमा पप्पांकडं मागा. ते देतील, त्यांच्याकडं ती आहे. माझ्याकडं आज नाही." तिनं त्याचे जोडलेले हात धरून खाली केले. "मला तुमचा जबाब पाहिजे. आत्ता जे बोललात ते सगळं, एकही शब्द न गाळता. रामहरीनं मोबाईल तुमच्या तोंडापुढं धरला, ते पण. तुम्ही तो बघितला, ते पण."

"ते बी सांगतो."

"काकू, यांना वाढा," हन्ना म्हणाली. "सकाळी लवकर निघायचंय. ठाण्यात उपाशी पोटी चक्कर आली, तर म्हणतील, यांना परत डुलकी लागली."